कुरिअरमध्ये आपटलेलं जुनं रिव्हॉल्व्हर दुरुस्त कसं करावं?

तुम्ही सांगितलेली लक्षणं अशी: १९३० च्या दशकातलं स्मिथ अँड वेसनचं मिलिटरी अँड पोलीस मॉडेल, .३८ स्पेशल काडतुसाचं. खोक्याला भोक पाडून नळी बाहेर आलेली, घोड्याचं (चाप ओढल्यावर मागून काडतुसावर आपटणाऱ्या भागाचं) टोक वाकलेलं, डाव्या मुठीचं लाकूड तडकलेलं आणि सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) उघडतच नाही. यातलं बरंचसं नीट होतं. मात्र अशी रिव्हॉल्व्हरं प्रवासातल्या धक्क्यापेक्षा नंतरच्या घाईच्या दुरुस्तीनं जास्त खराब झालेली मी पाहिली आहेत, म्हणून आधी थांबा.

सिलिंडर उघडत नाही म्हणजे ते रिकामं आहे याची खात्री तुम्हाला करता आलेली नाही. विकणाऱ्यानं काहीही सांगितलेलं असो, तोपर्यंत ते भरलेलंच समजा. नळी सुरक्षित दिशेला ठेवून बाजूनं टॉर्च मारा. सिलिंडरची मागची बाजू आणि फ्रेम यांच्यात बारीक फट असते, काडतूस असेल तर त्याची पितळी कड तिथे दिसते. समोरून डोकावून बघायचं नाही. कड दिसली किंवा शंका जरी आली, तर घोड्याला आणि चापाला हात न लावता गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, बोलवा. हे एवढ्यासाठी सांगतोय की घोड्याला नकळत काडतुसावर आपटण्यापासून अडवणाऱ्या, त्या काळातल्या आतल्या सुरक्षा-पट्टीवर पूर्ण विसंबता येत नाही. १९४४ मध्ये याच घराण्यातलं भरलेलं व्हिक्टरी मॉडेल जहाजाच्या डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक नौसैनिक ठार झाला. त्यानंतर कंपनीनं ती यंत्रणाच बदलली. तुमचं रिव्हॉल्व्हर त्या बदलाच्या आधीचं आहे, आणि त्याच्या घोड्यावर नुकताच मार बसलाय.

दुसरं काम नुकसानभरपाईचं. खोकं, आतला कागद, फेस, चिकटपट्टी, यातलं काहीही टाकू नका. खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, भोकाचा जवळून काढा, आणि रिव्हॉल्व्हर त्यात कसं बसलं होतं तेही दाखवा. पॅकिंगची तपासणी होण्याआधी दुरुस्ती केली तर दावा फेटाळायला आयतं कारण मिळतं. विमा सहसा पाठवणाऱ्याच्या नावावर असतो, त्यामुळे विकणाऱ्याला लगेच लेखी कळवा. गनस्मिथकडून लेखी अंदाज घ्या आणि त्यात दुरुस्तीच्या खर्चाबरोबर कमी झालेली किंमतही वेगळी लिहून मागा. जुन्या वस्तूत खरा तोटा तिथेच असतो. खोकं झटकताना मुठीची एखादी ढलपी निघाली तर लगेच डबीत ठेवा, अगदी नखाएवढी असली तरी.

आता सिलिंडर. या मॉडेलमध्ये नळीखाली जी दांडी दिसते, ती रिकामी काडतुसं बाहेर ढकलते आणि तिचं पुढचं टोक नळीखालच्या खुंटीत अडकतं. तिच्या आतून आणखी एक बारीक पिन जाते. डाव्या बाजूची कळ पुढे ढकलली की ही पिन सरकते आणि सिलिंडर सुटतं. दांडी किंचित जरी वाकली तरी पिन आत घासते आणि सगळं जाम होतं. पण दुसरंही कारण असू शकतं आणि ते फार वेळा लक्षात येत नाही: दांडी आट्यांवर बसवलेली असते, धक्क्यांनी ती सैल होते, थोडी बाहेर येते आणि खुंटीत ताठ बसते. आतून रिकामं असल्याची खात्री झाली असेल तर कळ पुढे दाबून धरा आणि दांडीचं खरखरीत टोक बोटांनी घट्ट करण्याच्या दिशेनं फिरवून बघा. जुन्या नगांवर आटे साधे, उजवे असतात. कंपनीनं ते उलटे केले ते १९६० च्या आसपास, त्यामुळे नव्या मॉडेलचं मार्गदर्शन वाचून फिरवलंत तर उलटंच होईल. हातानं फिरत नसेल तर सोडून द्या. पकड लावू नका, तिचे दात त्या टोकावर कायमचे उमटतात.

सिलिंडर उघडलं की ते सावकाश फिरवा आणि दांडीच्या टोकाकडे बघा. टोक जागेवर स्थिर राहिलं तर दांडी सरळ आहे, डुलत असेल तर वाकलेली. ती सरळ करायला गनस्मिथकडे साचा आणि मोजायचा डायल असतो. हातोडीनं होणारं हे काम नाही. सिलिंडर ज्या बिजागरीवर बाहेर येतं ती वाकली आहे का, हेही त्याच्याकडून तपासून घ्या. बंद करताना अंगठ्यानं जोर द्यावा लागत असेल तर संशय पक्का.

घोड्याबद्दल मी आग्रहानं सांगेन: स्वतः सरळ करायला जाऊ नका. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम कडक केलेला असतो. थंड असताना वाकवला तर तडकतो, तापवला तर कडकपणाही जातो आणि त्यावरची ती निळसर-तपकिरी ढगाळ रंगछटाही जाते. वाक थोडा असेल आणि घोडा कुठे घासत नसेल, तर तो तसाच राहू द्यावा असं माझं मत आहे. बदलायचाच झाला तर त्याच काळातला शोधा. नवा घोडा आत घासून बसवावा लागतो, आणि मूळचा काढलेला भाग रिव्हॉल्व्हरबरोबरच जपून ठेवा.

कुठलाही भाग बदलण्याआधी नंबर बघा. मुठीच्या तळाशी जो नंबर आहे तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या मुठीच्या आतल्या बाजूला सापडायला हवा. लाकडावर तो कधी ठोकलेला असतो, कधी पेन्सिलीनं लिहिलेला. म्हणूनच तडकलेली मूठ फेकून नवी लावणं मला पटत नाही. ती जोडता येते. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा, समांतर कडांचा स्क्रू ड्रायव्हर वापरून मूठ काढा. वर्षानुवर्षांचं तेल लाकडात मुरलेलं असतं आणि तेलकट लाकूड गोंद धरत नाही, म्हणून फटीच्या आतली बाजू अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानं पुसा, बाहेरच्या पॉलिशला तो लागू देऊ नका. मग सरस (कातडी-हाडांपासून बनवलेला पारंपरिक गोंद) लावा. तो पुढे कधी सोडवायचा झाला तर ओलावा आणि ऊब देऊन सोडवता येतो, इपॉक्सीचं तसं नसतं. रबराची पट्टी गुंडाळून दाब द्या, बाहेर आलेला सरस ओला असतानाच टिपून घ्या आणि पूर्ण वाळू द्या.

नळीच्या टोकाला नुसता ओरखडा असेल तर बाहेरून तेलाचा पातळ हात पुरे. आतली कड दबली असेल तर मात्र नेम बिघडतो, ती गनस्मिथनंच बघावी. पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करून घेण्याचा मोह होईल. करू नका. पॉलिश करताना अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूची भोकं पसरट होतात आणि जवळपास शतकभर टिकलेला मूळचा पृष्ठभाग कायमचा जातो. नुसतं जपायचं असेल तर संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण उत्तम.

बाजूची झाकणपट्टी उचकटून आत बघू नका, तिची कड एकदा उचकटली की कधीच पूर्वीसारखी बसत नाही. परवाना आणि दुरुस्ती कोणी करायची याचे नियम तुमच्या इथे काय आहेत ते आधी बघा. आणि ते पुन्हा चालवायचं असेल, तर गनस्मिथनं तीन गोष्टी तपासून लेखी द्यायला हव्यात: घोडा पूर्ण मागे येण्याआधी सिलिंडर प्रत्येक घरात पक्कं अडकतं का, ताणलेला घोडा अंगठ्यानं ढकलला तर सुटत नाही ना, आणि फ्रेमला कुठे तडा नाही ना.