वाचकांचे प्रश्न : डॅक-अ‍ॅम्प आणि हेडफोन

प्रश्न : डेस्कटॉपला यूएसबीने डॅक-अ‍ॅम्प (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करून तो हेडफोनसाठी वाढवणारं यंत्र) जोडला की हेडफोनमध्ये गुणगुण येते आणि माऊस हलवला की किरकिर वाढते. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला जोडला तर पूर्ण शांतता. अ‍ॅम्पच्या मागे पॉवर्ड (स्वतःचा अ‍ॅम्प आतच असलेले) स्पीकरही जोडलेले आहेत. अ‍ॅम्प बिघडला असेल का? (पुणे)

उत्तर : नाही, हा अर्थिंगचा फेरा आहे आणि लॅपटॉपच्या प्रयोगातच त्याचा पुरावा मिळाला. डेस्कटॉपला तीन पिनच्या प्लगमधून अर्थ मिळतो. अ‍ॅम्पलाही स्वतःच्या प्लगमधून किंवा स्पीकरच्या आरसीए (साध्या ऑडिओ जोडणीच्या) वायरमधून मिळत असणार. दोघांना यूएसबीच्या ग्राउंडने जोडलं की वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यातून कॉम्प्युटरच्या सप्लायचा विद्युत कचरा (नॉइज) फिरू लागतो. बॅटरीवरच्या लॅपटॉपला अर्थच नसतो, त्यामुळे तिथे हे वर्तुळ तुटतं.

आधी स्पीकरच्या आरसीए वायरी अ‍ॅम्पमधून काढून ऐका. आवाज गेला तर वाट सापडली. गेला नाही तर कॉम्प्युटर, अ‍ॅम्प आणि स्पीकर यांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच भागतं. तरीही उरला, तर मदरबोर्डच्या ऑप्टिकल पोर्टमधून सिग्नल घ्या. त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज नाही, म्हणजे फेरा उरतच नाही. २४ बिट/९६ किलोहर्ट्झ (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने) त्यावर बिनधास्त चालतं, १९२ मात्र प्रत्येक पोर्टवर आणि केबलवर चालेलच असं नाही.

यूएसबी आयसोलेटर (दोन टोकांमधली विजेची जोडणी तोडून फक्त डेटा जाऊ देणारा डबा) घेणार असाल तर वेग बघूनच घ्या. स्वस्तातले बरेच सेकंदाला १२ मेगाबिटचे असतात. चांगल्या डॅकना ९६ किलोहर्ट्झच्या वर जायला ४८० मेगाबिटची लिंक लागते. कमी वेगाच्या आयसोलेटरवर डॅक एकतर खालच्या रेटवर अडकतो किंवा कॉम्प्युटरला दिसतच नाही.

अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. गुणगुण जाईल, पण आत कुठे इन्सुलेशन सुटलं तर धातूच्या कॅबिनेटमध्ये २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि त्याच कॅबिनेटला जोडलेला हेडफोन तुमच्या डोक्यावर असतो. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या बराच वर असेल तर घराचं अर्थिंगच तपासायला हवं.

प्रश्न : अ‍ॅम्पवर ‘३२ ओहमला २ वॅट’ लिहिलं आहे. सेनहायझर एचडी ६५० हेडफोन त्यावर नीट चालेल का? पुढे हायफायमॅन सुस्वारा घेतला तर? (ठाणे)

उत्तर : वॅट बाजूला ठेवा, व्होल्ट आणि मिलिअ‍ॅम्पिअर काढा. ३२ ओहमला २ वॅट म्हणजे ८ व्होल्ट आणि २५० मिलिअ‍ॅम्पिअर.

एचडी ६५० हा ३०० ओहमचा आहे आणि १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. संगीतातल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबल धरले तर त्याला सव्वादोन व्होल्ट आणि जेमतेम ८ मिलिअ‍ॅम्पिअर लागतील. लो गेनवर (सिग्नल कमी वाढवणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, व्हॉल्यूमच्या नॉबला फिरायला जागा मिळेल. अगदी तळाशी बऱ्याच नॉबचे डावे-उजवे चॅनल सारखे नसतात.

सुस्वाराचं प्रकरण वेगळं आहे. ६० ओहम, आणि १ मिलिवॅटला फक्त ८३ डेसिबल. ११० साठी साधारण अर्धा वॅट लागतो, म्हणजे साडेपाच व्होल्ट आणि ९१ मिलिअ‍ॅम्पिअर. इथवर तुमचा अ‍ॅम्प पुरतो. मोठ्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्डिंग सरासरी पातळी खाली ठेवून अचानक उसळतात, त्यासाठी ११५ हवे असतील तर दीड वॅटच्या वर लागेल, म्हणजे जवळपास १० व्होल्ट. ८ व्होल्टवर हा हेडफोन ११३ च्या आसपास थांबतो. तेव्हा सुस्वारा नक्की घेणार असाल तर अ‍ॅम्पही त्याच हिशोबाने बघा, आणि एचडी ६५० वरच राहणार असाल तर जास्तीच्या वॅटवर पैसे घालू नका. हे आकडे क्षणिक उसळीचे आहेत. सलग ऐकण्याची पातळी ८० च्या आतच ठेवा.

प्रश्न : अ‍ॅम्पच्या ४.४ मिमी बॅलन्स्ड जॅकला अडॅप्टर लावून साधा ६.३५ मिमीचा हेडफोन जोडला तर चालेल का? (बेळगाव)

उत्तर : नाही. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूच्या मायनस तारांमागे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतात, आणि साध्या प्लगमध्ये त्या दोन तारा एकत्र जोडलेल्या असतात. म्हणजे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट. प्रोटेक्शन असेल तर अ‍ॅम्प बंद पडेल, नसेल तर आउटपुट स्टेज जळू शकते. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन अडॅप्टरने साध्या जॅकला जोडायला काहीच हरकत नाही.