सही केली, पण आवाजाचं कुणी बोललंच नाही

प्रश्न : मी कराडला शाळेत संगीत शिकवते. मागच्या वर्षी थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज बसला तो बसलाच; वरचा सा लागत नाही. स्वरतंतूंकडे जाणारी नस दुखावली, असं दुसरे डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या सकाळी नर्सने पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सही घेतली. कागद इंग्रजीत. आवाजाला धोका आहे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. दावा टिकेल का?
— एक वाचक

उत्तर : ताई, ती पेन्सिलीची फुली माझ्या ओळखीची आहे. झेरॉक्समध्येही उमटते. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. काळजीपूर्वक केलेल्या ऑपरेशनमध्येही ही नस दुखावू शकते, म्हणून नुसता आवाज गेला यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. आणि सांगितलं नाही, एवढ्यावर भरपाई मिळत नाही. ‘सांगितलं असतं तर मी त्या दिवशी टेबलावर गेलेच नसते’ हे तुम्हाला पटवावं लागेल.

समोरचा वकील विचारणारच, ‘गाठ होती, काढावीच लागली असती ना?’ म्हणून सुईने केलेल्या तपासणीचा रिपोर्ट आधी शोधा. त्यात गाठ साधी आली असेल, गिळताना-श्वास घेताना त्रास नसेल, तर सोनोग्राफी करत थांबता आलं असतं. गळ्यावर पोट असलेली बाई थांबलीच असती. आता हे बोलणं पश्चातबुद्धी वाटू नये म्हणून नेमणूकपत्र, कार्यक्रमपत्रिका, जुनं रेकॉर्डिंग जोडा.

समीरा कोहली निकाल (सर्वोच्च न्यायालय, 2008) तुम्हाला कुणीतरी दाखवेलच. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश काढले, होकार घेतला आईचा. म्हणजे त्या ऑपरेशनला तिची संमतीच नव्हती. तुमची होती, माहिती अपुरी होती. (भरपाई मिळाली 25 हजार, हेही ऐकून ठेवा.) तुम्हाला जवळचा आहे तो इंग्लंडचा चेस्टर विरुद्ध अफशार, 2004. पाठीच्या ऑपरेशनमधला 1 ते 2 टक्के धोका तिथल्या बाईंना सांगितला नव्हता, आणि तोच ओढवला. पुढे कधीच ऑपरेशन केलं नसतं, असं त्या बाईही म्हणाल्या नव्हत्या; त्या दिवशी केलं नसतं, एवढंच. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) 3 विरुद्ध 2 मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. आपल्या ग्राहक आयोगावर तो बंधनकारक नाही, पण वाचून दाखवता येतो.

ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षांची, दिवस मोजा. केसपेपर लेखी मागा, 72 तासांत द्यावे लागतात. आणि नस दुखावल्याचं त्या दुसऱ्या डॉक्टरांकडून दुर्बिणीच्या तपासणीसकट लेखी घ्या.