जर्नल देणारीच इथं सापडते

‘ताई, ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघालेय, कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस. तिकडं कॉपीच्या बाबतीत फार कडक असतात म्हणे. मी परीक्षेत कधी कॉपी केलेली नाही, मग वेगळं काय सांभाळायचं?’ असं तू विचारलंयस.

परीक्षेचं सोड. त्यात तू सापडणार नाहीस. सापडलीस तर दुसऱ्याला मदत करताना सापडशील, आणि कोल्हापुरात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हे पटायला वेळ लागतो. फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटची जीटी कशी मारतात ते आठव. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर एकीची पुरी झालेली शीट, तिच्यावर दुसरीची कोरी, आणि खोलीबाहेर नंबर लावून बसलेल्या बाकीच्या. सबमिशनच्या आठवड्यात एकच जर्नल राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडनं अख्ख्या बॅचभर फिरतं. सरांनाही ते ठाऊक असतं, ओरलला एखादा प्रश्न विचारून सही करतात. आणि जर्नल न देणारीला आपण काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

इथं अमेरिकेत देणारा आणि घेणारा एकाच कलमात बसतात. आमच्या अपार्टमेंटमध्ये एका मुलानं आपल्या असाइनमेंटचा फोल्डर रूममेटला ‘नुसता बघायला’ दिला. रूममेटनं व्हेरिएबलची नावं बदलली, फंक्शन खालीवर केली, कॉमेंट उडवल्या, आणि पहाटे सबमिट करून झोपला. पुढच्या आठवड्यात दोघांना एकच मेल. प्रोग्रॅमिंगच्या कोर्सना ‘मॉस’सारखं सॉफ्टवेअर वापरतात, ते १९९४ पासून आहे. नावं बदलल्यानं त्याला काही फरक पडत नाही, ते कोडची ठेवण बघतं. वर्गातल्या सगळ्यांचे कोड एकमेकांशी ताडतं आणि जुळणाऱ्या जोड्या वर काढून देतं. कुणी कुणाचं घेतलं हे त्याला कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही. ज्यानं शनिवार-रविवार घालवून कोड लिहिला होता त्यालाही शून्य मिळालं, शिवाय नावावर नोंद. मला विचारशील तर हे कठोर आहे. पण नियम आधीच लिहून दिलेला होता आणि दोघांपैकी कुणी तो वाचला नव्हता.

तो असतो सिलॅबसमध्ये. आपल्याकडं सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथं तो सहा-आठ पानांचा कागद असतो: कशाला किती टक्के, उशीर झाला तर किती कापणार, चर्चा कुठपर्यंत चालेल, एआय वापरायचं की नाही. हे प्रत्येक कोर्सचं वेगळं असतं. एका प्राध्यापकाला एआय चालतं, फक्त कुठं वापरलं ते लिहावं लागतं. शेजारच्या वर्गात तेच केलं तर चौकशी. त्यामुळं सीनियरनं सांगितलेलं ‘चालतंय गं’ धरून चालू नकोस. प्राध्यापकांना मेल कर आणि उत्तर जपून ठेव. त्यांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला ते राखून ठेवतात त्या वेळेत, जा. तिथं प्रश्न विचारणाऱ्याला कुणी कच्चं समजत नाही. मैत्रिणीनं कोड मागितला तर ‘चल, दोघी मिळून ऑफिस अवर्सला जाऊ’ म्हण. नाही म्हटल्याचा वाईटपणा येत नाही.

आणखी एक खड्डा: नोकरीसाठी दाखवायला म्हणून असाइनमेंट गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, उघडी टाकू नकोस. पुढच्या बॅचनं ती उचलली तर पत्र तुलाही येऊ शकतं.

रिपोर्ट लिहिताना आपल्या डोक्यात १० टक्के बसलेले असतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधाला १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, तिथनं ते आलं. इथं असा आकडा धरून बसू नकोस. टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा २० आला आणि ती सगळी नीट अवतरणं आणि संदर्भयादी असली तर काही होत नाही. ३ आला आणि तो एक परिच्छेद कुणाचं नाव न देता उचललेला असला तरी प्रकरण होतं. शब्द बदलून लिहिलं तरी कल्पना ज्याची त्याचं नाव द्यायचं. स्वतःचा बीईचा रिपोर्टसुद्धा न विचारता परत वापरायचा नाही. हे मला आजही थोडं विचित्र वाटतं, पण आहे.

वेळेचा हिशेब मात्र आत्ताच मांड. एमएसला बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ म्हणजे ९ क्रेडिट. अमेरिकी सरकारच्या व्याख्येप्रमाणे एका क्रेडिटमागं आठवड्याला वर्गात एक तास आणि बाहेर किमान दोन. म्हणजे २७ तास इथंच गेले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर २० तासांपर्यंत काम करता येतं, आणि पहिल्या सेमिस्टरला सगळे ते पूर्ण २० घ्यायला धावतात. वर स्वयंपाक, भांडी, कपडे. कोड मागायची वेळ येते ती अशाच आठवड्यात. मुदतवाढ हवी असेल तर मुदतीच्या आधी माग. आधी मागितली तर बरेच जण देतात, नंतर सांगितलेली कारणं त्यांनी पुष्कळ ऐकलेली असतात.

तरी कधी पत्र आलंच तर घाबरून लगेच काहीतरी कबूल करू नकोस आणि खोटंही बोलू नकोस. उत्तर द्यायची मुदत बघ, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला जाऊन भेट. काम करताना गिटला वरचेवर कमिट करत गेलीस, म्हणजे कोडच्या टप्प्याटप्प्याच्या नोंदी ठेवल्यास, लेखनाचे कच्चे मसुदे ठेवलेस, तर दाखवायला काहीतरी हातात असतं. ही गोष्ट हलकी घेऊ नकोस, कारण निलंबन झालं तर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद बंद होते आणि देश सोडायची पाळी येते.

आणि काकांना एक निघायच्या आधीच सांगून ठेव. इथं १९७४ चा फर्पा कायदा आहे. तुझ्या लेखी संमतीशिवाय युनिव्हर्सिटी सहसा आईवडिलांनाही मार्क सांगत नाही. नाहीतर ते तिकडनं ऑफिसला फोन लावतील, ‘फी आम्ही भरतोय आणि आम्हालाच सांगत नाहीत म्हणजे काय’ म्हणून चिडतील, आणि मग माझ्या मध्यरात्री मला फोन करतील.