लग्नाच्या तोंडावर केटररने ऑर्डर रद्द केली. दिलेला अॅडव्हान्स परत मिळेल का?

आपण लिहिले आहे की बहिणीचे लग्न साताऱ्यातील मंगल कार्यालयात आहे, जेवणाची ऑर्डर पुण्याच्या एका केटररला देऊन ४०,००० रुपये आगाऊ भरले होते, आणि तिथी आठवड्यावर आली असताना ‘दुसरीकडचे मोठे काम आले, आम्हाला जमणार नाही’ असे कळवून तो आता पावतीवरच्या ‘अॅडव्हान्स परत मिळणार नाही’ या ओळीवर अडून बसला आहे. ही रक्कम मागण्याचा आपला हक्क पक्का आहे. ती ओळ फार तर आपण ऑर्डर मोडली असती तर त्याच्या उपयोगी पडली असती. काम त्यानेच सोडले असताना ती त्याच्या बाजूने वाचता येत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ६५ खाली एक उदाहरण दिलेले आहे, ते आपल्या प्रकरणाला जवळजवळ तंतोतंत लागू पडते. एका गायकाने कार्यक्रमासाठी १,००० रुपये आगाऊ घेतले आणि आजारपणामुळे त्याला गाता आले नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण घेतलेले १,००० रुपये परत करायचे. म्हणजे खरोखर नाइलाज झालेल्या माणसालाही आगाऊ रक्कम ठेवून घेता येत नाही. जास्त पैशांच्या कामासाठी आपले काम टाकणाऱ्याला तर ती नाहीच. माझ्या पुतण्याच्या लग्नात कराडच्या एका मंडपवाल्याने आजारपणामुळे काम सोडले आणि पैसे साहित्यात अडकल्याचे सांगितले, तेव्हा आम्ही नोटिशीत हेच उदाहरण उतरवले. त्याने रक्कम परत केली. त्यापुढे आम्ही काही मागितले नाही, कारण त्याचे आजारपण खरे होते.

आपल्या केटररकडे मात्र दुसरी मागणीही करावी, आणि ती पहिलीपासून वेगळी मांडावी, कारण आगाऊ रकमेसाठी पावती पुरेशी असते, तर नुकसानभरपाईचा आकडा पुराव्याने दाखवावा लागतो. कलम ७३ नुसार करार मोडल्यामुळे सरळ ओघाने झालेले नुकसान मागता येते. पण ते टाळण्यासाठी आपल्या हाती कोणते उपाय होते, हेही पाहिले जाते. म्हणून वाद घालत न बसता आधी दुसरा केटरर ठरवा. समजा पहिल्याचा दर ताटाला २८० रुपये होता, नव्याने त्याच पदार्थांसाठी ३३० घेतले आणि पाने ५०० झाली, तर फरक २५,००० रुपयांचा, आणि तो मागणे रास्त आहे. मेनू वाढवून त्याचा खर्च जुन्याच्या माथी मारू नये. मनस्तापाचीही भरपाई मागता येते, परंतु तिच्या भरवशावर हिशेब मांडू नये.

रद्द केल्याचे त्याच्याकडून लेखी घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर. फोनवरच सांगितले असेल, तर ‘आज आपण फोनवर काम रद्द केल्याचे कळवले’ असा मेसेज आपण पाठवावा. पुढच्या तारखेला रक्कम वळती करण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा; बहिणीचे लग्न काही पुन्हा व्हायचे नाही. थोडे पैसे देऊ केले तर घ्यावेत, पण ‘संपूर्ण हिशेब मिटला’ अशा कागदावर सही करू नये. त्यानंतर १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टने, पोचपावती राहील अशी पाठवावी.

त्यानेही पैसे आले नाहीत, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि कधी तेवढ्याने काम होते, मात्र खरा आदेश जिल्हा ग्राहक आयोगच देतो. केटरर पुण्याचा आहे म्हणून आपल्याला पुण्याला जावे लागेल, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे, म्हणजे आपण साताऱ्यात राहत असाल तर साताऱ्यातही, तक्रार दाखल होते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ‘पोलिसांत जा’ हा सल्ला आपल्याला अनेकांकडून मिळेल. पण सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसत नसेल तर तिथे प्रकरण दिवाणी असल्याचेच सांगितले जाते.

नोटीस मिळाल्यावर तो चेक देऊ करील अशी शक्यता असते. तो घेतल्यास तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा. न वटल्यास, बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. ती मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते.