वाचकांचे प्रश्न: गळ, नदीकाठ आणि वरच्या खोलीतली पोरं

प्रश्न: नमस्कार सर, मी शिरोलीत राहतो. आमच्या चाळीत वरच्या दोन खोल्यांत बिहार आणि ओडिशाची आठ-दहा पोरं भाड्यानं आहेत, सगळी फौंड्रीत कामाला. दोन वर्षं झाली पण एकाचंही नाव माहीत नव्हतं. मला आणि माझ्या दोन मित्रांना गळाचा नाद आहे. मागच्या सुट्टीला पंचगंगेवर गेलो तर त्यातली दोघं बांबूची काठी घेऊन आमच्या आधीच बसलेली. दिवसभर सोबत बसलो, येताना चहा त्यांनीच पाजला. आता वाटतंय दर सुट्टीला सगळ्यांनाच न्यावं. चाळीतली मंडळी म्हणतात, नसती भानगड कशाला. यातून खरंच काही होतं का? आणि करायचं तर कसं?

उत्तर: दादा, चहा त्यांनी पाजला हे वाचून मला फार बरं वाटलं. दोन वर्षं जी पोरं तुमच्या चाळीत पाहुण्यासारखीसुद्धा नव्हती त्यांनी नदीवर तुम्हाला पाहुणा केलं, म्हणजे काम सुरू झालंय आणि ते तुम्ही ठरवून केलेलं नाही.

होतं का काही, तर होतं, मी स्वतः बघितलंय. माझे चुलते घरात चार शब्द बोलायचे नाहीत, पण प्रयाग चिखलीला गळ टाकून बसले की हळूहळू बोलायला लागायचे, पाण्याकडं तोंड करून, माझ्याकडं न बघता. आयुष्यात ते माझ्याशी जेवढं मनातलं बोलले ते सगळं तसंच. समोरासमोर बसवून "बोल, काय त्रास आहे तुला" म्हटलं की माणूस गप्प होतो, विशेषतः पुरुष माणूस, आणि शेजारी शेजारी बसून दोघांची नजर गळाच्या दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या मोरपिसावर असली की शब्द आपोआप सुटतात. भाषा येत नसली तरी चालतं कारण पीस बुडालं की "ओढ ओढ" कुठल्याही भाषेत कळतंय. त्यात ही पोरं दिवसभर भट्टीच्या धगीत, मशीनच्या आवाजात असतात, खोलीवर आलं की चार-पाच जणांत एक पंखा आणि हातात मोबाईल. त्यांना दोन-तीन तास शांत पाणी बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे बघा.

बाहेरच्या देशांत याचा चांगला वापर झालाय. अमेरिकेत २००५ मध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलमधून 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू झाला, त्यात जवानांना मासेमारी शिकवतात, गळाला लावायची खोटी माशी बांधण्यापासून. इंग्लंडमध्ये तर काही ठिकाणी डॉक्टर उदास, एकट्या पडलेल्या माणसाला गोळ्या-औषधांच्या जोडीनं मासेमारीच्या ग्रुपकडं पाठवतात. जोडीनं, हा शब्द लक्षात ठेवा. एखादा पोरगा जेवत नाही, झोपत नाही, जिवाचं काही बरंवाईट बोलतोय असं दिसलं तर गळावर भागवू नका, १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, हिंदीत पण बोलता येतं, तो त्यांच्या मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून द्या.

चाळीतल्या मंडळींना एक आठवण करून द्या. तुमच्यापासून जवळच वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ तिथं पाच हजारांच्या आसपास पोलंडचे निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि पोरं, आणि ते गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं त्याच जागेत आली, तेच आजचं गांधीनगर जिथं आपण सगळे कापड घ्यायला जातो. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली ती आपल्या कोल्हापुरातच. मग दहा पोरं नदीवर आपल्यासोबत बसली तर भानगड कसली?

आता कसं करायचं. पहिलं म्हणजे त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून शिका. बिहारकडं गळाला बंसी म्हणतात, ओडिशातही जवळपास तोच शब्द आहे, आणि ही पोरं तळ्या-नद्यांच्या मुलखातली, पाण्याचं वाचन कधी कधी आपल्यापेक्षा पक्कं असतं त्यांचं. आपण कणकेच्या गोळ्या नाहीतर गांडूळ लावतो, त्यांच्यातला कुणी सत्तूचा गोळा करून दाखवेल. तो करू दे. ज्याच्याकडं देण्यासारखं काहीतरी आहे तोच माणूस गावात मान ताठ ठेवून वावरतो, म्हणून हे दयेनं करायचं काम नाही. फोटो काढून स्टेटसला "परप्रांतीय बांधवांसोबत" असं टाकू नका, कृपा करा. स्पर्धा, बक्षीस, टीशर्ट सुरुवातीला नकोच.

दुसरं, परवानगी. तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तिथं गळ टाकायच्या आधी संस्थेच्या सेक्रेटरींना भेटा. नदीवर भोई मंडळी कुठं जाळं टाकतात ते विचारून त्यांच्यापासून लांब बसा, आपला विरंगुळा आहे पण त्यांचं पोट आहे. अशा एखाद्या भोई मामांना एक दिवस सोबत बोलवा, दिवसाचे पैसे द्या, तिघांची ओळख होते. राधानगरी अभयारण्यात अजिबात जाऊ नका. मासे मारायला पाण्यात जिलेटिनचा स्फोट, विषारी पावडर असल्या गोष्टी १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहेत आणि अशा प्रकरणात बाहेरगावच्या पोरावर संशय आधी येतो, म्हणून फक्त गळ. त्यांच्या फौंड्रीच्या मालकाला पण सांगून ठेवा, सुट्टीच्या दिवशी पोरगं कुठं असतं ते त्याला माहीत असू दे.

आणि पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले की प्रवाह बदलतो, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी येतं. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा देतात, गळवाल्यानं त्याची वाट बघायची नसते, पाणी गढूळ व्हायला लागलं की काठी गुंडाळायची. त्या पोरांना आपली नदी माहीत नाही, ही जबाबदारी तुमची.

प्रश्न: सर, आमच्या शेजारी ओडिशाची एक ताई आहे, नवरा कामाला गेला की दिवसभर दार लावून बसते. बायकांनी गळ टाकायला गेलं तर लोक काय म्हणतील? (उचगावहून एक भगिनी)

उत्तर: ताई, लोक दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी विचारतील काय लागलं का गळाला. अमेरिकेत 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' म्हणून उपक्रम आहे, १९९६ पासून, स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांना एकत्र आणून मासेमारी शिकवतात, काठी फेकताना हात-खांदा हलका हलतो आणि सारख्या दुखण्यातल्या बायका भेटतात, म्हणून तो एवढी वर्षं टिकलाय. तुम्ही एकदम नदीवर नेऊ नका. आधी तिच्याकडून मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण शिका आणि तिला आपला कांदा-लसूण मसाला घालून केलेलं खायला द्या, मग चार-पाच बायका, पोरं-बाळं घेऊन सकाळी जा, बाथरूमची सोय जवळ असेल अशीच जागा बघा. तिला मासे धरायचे नसतील तर नुसती बसू दे. दाराबाहेर आली एवढं पुरे.

प्रश्न: धरलेले मासे खाल्ले तर चालतात का?

उत्तर: शहराचं सांडपाणी मिसळतं त्याच्या खालच्या बाजूचे मी खात नाही, घरच्यांनाही देत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी झालं, केंदाळ (जलपर्णी) माजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे वर येतात, ते तरंगणारे मासे कितीही ताजे दिसोत, हात लावायचा नाही, आणि हे नव्या पोरांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा कारण फुकटचा मासा बघून कुणीही पिशवी भरेल. वरच्या अंगाच्या स्वच्छ पाण्यातली चिलापी मिळाली तर खुशाल घरी न्या, ती बाहेरून आलेली आहे आणि आपल्या माशांची जागा खाते. जूनच्या पहिल्या पाण्याला चढणीचे मासे येतात, पोटात अंडी असतात, ते धरायला जाऊ नका.