रस्त्याची कड सायकलसाठी खरेच सुरक्षित असते का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. आम्ही डहाणूकर कॉलनीत राहतो आणि तिची शाळा प्रभात रस्त्याजवळ, साधारण ४ किलोमीटरवर आहे. जूनपासून सायकलने जायचे, असा तिचा हट्ट आहे. तिच्या आजोबांचे म्हणणे असे, की तिने अगदी कडेला चिकटून जावे आणि जमेल तिथे उजव्या बाजूने जावे, म्हणजे येणारे वाहन तिला समोर दिसेल. मलाही मागून येणाऱ्या वाहनांचीच जास्त भीती वाटते. तिला काय शिकवावे?
— एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : आजोबांचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे आणि पायी चालणाऱ्यासाठी तो बरोबरही आहे, पदपथ नसेल तिथे येणाऱ्या वाहनांकडे तोंड करूनच चालावे. सायकलला मात्र तो लागू करू नये. साधा हिशेब करून पाहा. मुलगी ताशी १५ किलोमीटर वेगाने जात आहे आणि गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने येत आहे. दोघींची दिशा एकच असेल, तर त्यांच्यातले ५० मीटर अंतर संपायला सात सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात चालक वेग कमी करू शकतो. त्या समोरासमोर असतील, तर वेगांची बेरीज होते आणि तेच अंतर सव्वातीन सेकंदांत संपते. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्याला लागणारा चालक आधी उजवीकडे पाहतो, कारण त्याच्या जवळची रहदारी तिकडूनच येत असते. उलट दिशेने निघालेली सायकल त्याच्या डावीकडून येते आणि ती तिथे असेल हे त्याच्या मनातही नसते.

कडेला चिकटून जाण्याचे म्हणाल, तर कडेलाच गटाराच्या जाळ्या, खचलेली झाकणे आणि साचलेली वाळू असते. ती चुकवायला मुलगी अचानक उजवीकडे येते आणि मागच्या चालकाला तिचा अंदाज येत नाही. त्याहून मोठा धोका उभ्या गाड्यांचा आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या कडेला उभ्या केलेल्या गाडीचे त्याचे दार थेट रस्त्यात उघडते आणि जवळपास १ मीटर जागा अडवते. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला ४ मीटर पुढे सरकते. दार दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एका लहान गाडीच्या लांबीइतके अंतर संपलेले असते. वीस वर्षांपूर्वी टिळक रस्त्यावर असेच एक दार माझ्यासमोर उघडले. दाराची कड हँडलच्या मुठीवर आदळली, मी उजवीकडे रस्त्यात पडलो, आणि मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचलो. उजव्या हाताची करंगळी अजूनही पूर्ण मिटत नाही.

म्हणून मुलीला सांगा, की उभ्या गाड्यांपासून एका दाराइतके आणि त्यावर थोडे अधिक अंतर राखून सरळ रेषेत जायचे. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचे नाही, कारण पुन्हा बाहेर येताना ती मागच्याच्या दृष्टीने एकाएकी उगवते. उभ्या गाडीत चालकाच्या जागी डोके दिसले, किंवा मागचे लाल दिवे नुकतेच विझले, की दार उघडणार असे धरून चालावे. तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल, तर उजवे दार डाव्या हाताने उघडायची सवय लावा. त्यामुळे अंग आपोआप वळते आणि नजर मागे जाते. ब्रिटनमध्येही चालक उजवीकडेच बसतो आणि तिथल्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून ही सूचना समाविष्ट आहे.

चौकातला धोका वेगळा आहे आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. १२ मीटर लांबीची बस डावीकडे वळते, तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती मीटर-दीड मीटर आतून, पदपथाच्या बाजूने, कापत जातात. सिग्नलला बसच्या डावीकडे जागा मोकळी दिसते, मुले त्यातून पुढे सरकतात, आणि नेमकी तीच जागा वळणात नाहीशी होते. चालकाला त्या बाजूचे, विशेषतः दाराच्या खालच्या भागातले, फारसे दिसत नाही. बस, ट्रक किंवा सिमेंट मिक्सर उभा असेल तर त्याच्या मागेच थांबायचे, सिग्नल हिरवा झाला तरी त्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियम तिच्याकडून पाठ करून घ्या.

कर्वे रस्ता टाळून मयूर कॉलनी आणि एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्यांतून जाता येते. दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील. शाळा सुरू होण्यापूर्वी तीन-चार रविवारी सकाळी तिला पुढे ठेवून तुम्ही मागून सायकलने जा. उजव्या खांद्यावरून मागे पाहताना सायकल सरळ राहते का आणि एक हात सोडून वळण्याची खूण करता येते का, हे पाहा. या दोन गोष्टी जमेपर्यंत तिला एकटीला पाठवू नका. दप्तर हँडलला अडकवू देऊ नका. हेल्मेटची कायदेशीर सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मोटारसायकलींना आहे, सायकलला नाही. तरीही सायकलचे हलके हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसेल असे घालायलाच हवे, आणि एकदा ते जोरात आपटले की बदलावे, कारण आतला फोम दबला की पुन्हा तसाच मार झेलत नाही.

प्रश्न : मी साखर कारखान्यात काम करतो आणि हंगामात रात्री पाळी सुटल्यावर ६ किलोमीटर सायकलने घरी येतो. मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आहे, तेवढा पुरे का? गेल्या हंगामात चुलतभावाला वाहनाने उडवले आणि ते पळून गेले. पाय मोडला. त्याला काही भरपाई मिळते का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पुरे नाही. रिफ्लेक्टर दुसऱ्याचा दिवा त्यावर पडला तरच चमकतो, आणि हंगामात त्यावर चिखल बसतो. समोरून ट्रॅक्टर आला की त्याच्या उजेडाने तुमच्या मागच्या चालकाचे डोळे दिपतात, आणि अशा वेळी तुमच्याकडे स्वतःचा प्रकाश हवा. सीटच्या दांड्याला चार्जिंगचा लाल दिवा बांधा. जुना डायनॅमो पुरत नाही, कारण सायकल थांबली की तो विझतो. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर मात्र जरूर ठेवा. ते वर-खाली होतात, त्यावरून ही सायकल आहे हे दुरून ओळखू येते. उसाच्या दोन ट्रॉल्या असतील तर मागची हेलकावे खाते आणि ऊस बाजूला बाहेर आलेला असतो, त्यामुळे तिच्या शेजारून जाऊ नका आणि ट्रॉलीला धरून तर मुळीच जाऊ नका. अरुंद रस्त्यावर मागून ट्रॉली आली तर साइडपट्टीवर उतरून उभे राहा. रस्त्यावर तुमचाही तितकाच हक्क आहे आणि तुम्हालाच उतरावे लागावे हे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. तरीही आज तरी हाच सल्ला मी देईन.

वाहन सापडले नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील योजनेनुसार, १ एप्रिल २०२२ पासून, मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. अपघात झाला त्या भागातल्या तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करावा लागतो. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत आणि रुग्णालयाची कागदपत्रे सोबत न्या. पुढे वाहन सापडले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा दावा करता येतो, म्हणून त्याच्या सायकलचा मागचा दिवा चालू होता का आणि ती रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती, हे पोलिसांच्या जबाबात आले आहे की नाही ते आजच तपासून घ्या.