चोर्ल्याच्या चढणीनंतर पाय जड का राहतात?

प्रश्न : मी डिचोलीचा, वय २६ वर्षे, वजन ६२ किलो. सायकल शर्यतींच्या तयारीसाठी आठवड्यातून पाच दिवस सराव करतो. रविवारी साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढून साडेतीन तासांत परततो. पेडलवर लावलेली शक्ती मोजणाऱ्या पॉवरमीटरवर सरासरी १७० वॅट दिसतात. चढणीसाठी वजन उतरवायचे म्हणून त्या दिवशी उपाशीपोटी निघतो, वाटेत फक्त पाणी पितो आणि रात्री भात टाळतो. महिनाभर मंगळवारीही पाय जड असतात, झोप नीट लागत नाही. विश्रांती वाढवावी का?

उत्तर : विश्रांती हवीच, परंतु तुमच्या वर्णनावरून पहिली उणीव अन्नाची वाटते. १७० वॅटने साडेतीन तास म्हणजे पेडलवर सुमारे २,१०० किलोज्यूल काम होते. एक किलोकॅलरी म्हणजे चारहून थोडे अधिक किलोज्यूल, आणि खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोहोचत असल्यामुळे शरीराला त्यासाठी जवळपास तेवढ्याच, म्हणजे २,१०० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २,००० किलोकॅलरींचा असतो, आणि रात्रभराच्या उपासाने यकृतातला वाटा आधीच घटलेला असतो. चरबी मदतीला येते, पण चढणीवर जोर लावताना भिस्त कर्बोदकांवरच राहते. रिकामा झालेला हा साठा भरपूर कर्बोदके खाऊनही भरायला सुमारे एक दिवस लागतो. तुम्ही तर नेमका त्याच रात्री भात सोडता.

टूर द फ्रान्समधले सायकलपटू डोंगराळ टप्प्यांच्या दिवशी ६,००० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा खर्च करतात, आणि आज त्यांतले अनेक जण सायकलवरच ताशी ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके घेतात. तो आकडा लगेच उचलू नका, कारण त्यांचे पोट त्यासाठी सरावलेले असते. निघण्यापूर्वी दोन तास आधी पाव किंवा पोई आणि केळी खा, आणि वाटेत ताशी ५० ते ६० ग्रॅमपासून सुरुवात करा. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. उरलेले साखर-मीठ घातलेल्या कोकम सरबतातून भागवता येतात. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र वाहून जाते, म्हणून नुसते पाणी अपुरे पडते. शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ असले तरी सोडियम कमी असते, तेव्हा त्यासोबत काही खारट घ्यावे.

परतल्यावर पहिले चार तास दर तासाला वजनाच्या किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदके घ्या. तुमच्यासाठी हे ताशी ६० ग्रॅम, म्हणजे साधारण ८० ग्रॅम कोरड्या तांदळाइतके होतात. उकड्या तांदळाची पेज चालेल, पण ती पातळ असल्यामुळे वाटीभराने भागणार नाही. जेवणात बांगडा किंवा अंडी घेऊन २० ते ३० ग्रॅम प्रथिने मिळवा. निघताना आणि परतल्यावर वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव पोटात जायला हवा.

सोमवारी सायकल पूर्ण बंद ठेवा आणि मंगळवारचा सराव दोन आठवडे हलका करा. वजन उतरवायचेच असेल तर पावसाळ्यात, शर्यती नसताना, थोडे थोडे उतरवा, आणि लांब सरावाच्या दिवशी कधीही नाही. एवढे करूनही थकवा हटला नाही तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे) आणि थायरॉइड तपासून घ्या. दीर्घकाळ कमी खाण्याने पुरुषांतही टेस्टोस्टेरॉन घटते आणि हाडे कमकुवत होतात, त्यामुळे तपासणी लांबवू नका.